पान उलटण्याआधी

भयकथा वाचणारे वेगळे आणि प्रेमकथा वाचणारे वेगळे, असा आपला समज. जपानी मांगा, म्हणजे तिथल्या चित्रकथा, तो खोडून काढतात. १९६०च्या दशकात काझुओ उमेझू यांच्या भयकथा, प्रेमकथाही छापणाऱ्या मुलींच्या साप्ताहिकात येत. १९८७ साली जुंजी इतो यांची ‘तोमिए’ आली, तीही मुलींसाठीच्याच मासिकात. भयकथा काय, प्रेमकथा काय, दोन्हींची ओढ एकच, ताटकळण्याची. आणि लगाम वाचकाच्या हाती. इतो पानाच्या शेवटच्या चौकटीत नुसता दचकलेला चेहरा दाखवतात. तो कशाला दचकला, हे पान उलटल्यावरच दिसतं, तेही पानभर, बारीक रेघांनी कोरलेलं. उलटायचं कधी, ते आपण ठरवायचं. थिएटरातला सिनेमा एवढी सवड देत नाही.

प्रेमकथेचा शेवट आधीच ठाऊक, मग वाचायचं काय, असं कुणी विचारेल. एमिली हेन्री यांच्या २०२० सालच्या ‘बीच रीड’मध्ये शेजारी राहणारे दोन लेखक एकमेकांचा साहित्यप्रकार लिहायची पैज लावतात. ते जवळ येणार, हे उघडच आहे. वाचायचं असतं ते त्यांचं अडखळणं. प्रेमकथांतलं पुष्कळ लेखन साचेबद्ध असतं, काही तर टाकाऊच. पण शेवटाची काळजी मिटली, की वाचक प्रत्येक अर्धवट वाक्यावर रेंगाळू शकतो. भयमांगात ती हमी नाही: इतो यांच्याच ‘उझुमाकी’तल्या गावाची सुटका होत नाही.