निजलेल्या यंत्राची भूक



शिरूर-दौंडकडे, मांडवगण फराट्याच्या परिसरात, ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्षाची सोबत. आडसाली लागण केली की सोळा-अठरा महिने रान मोकळे व्हायचे नाव नाही. अशा उसात जमिनीची ओल सांगणारी लहान यंत्रे आता रोवली जाऊ लागली आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या अशाच प्रयोगाची २०२५ साली बरीच चर्चा झाली.

यंत्र सेलवर चालत असेल आणि सेल मधेच संपला, तर दाट उसात शिरणार कोण? शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इकडच्या उसात बिबट्या वस्तीला असतो, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून सेल अठरा महिने पुरला पाहिजे.

हिशेब करू या. दोन पेन्सिल सेल ओळीने जोडले, तर साधारण २,००० मिलिॲम्पिअर-तासांची शिदोरी मिळते. अठरा महिने म्हणजे सुमारे १३,००० तास. भागाकार केला, की सरासरी खर्च १५० मायक्रोॲम्पिअरच्या आत हवा असे निघते. मायक्रोॲम्पिअर म्हणजे मिलिॲम्पिअरचा हजारावा भाग.

यंत्रातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभारी, दर दहा मिनिटांनी एक सेकंद जागा होतो असे धरा. तेव्हा यंत्र २० मिलिॲम्पिअर खाते. सरासरीत ते ३३ मायक्रोॲम्पिअरच पडतात. झोपेत ५ मायक्रोॲम्पिअर लागले, तरी एकूण अडतीस. उत्तम झाले! पण झोपेतच ५ मिलिॲम्पिअर जात असतील, तर सतरा दिवसांच्या आत सेल खलास. तेव्हा खरी परीक्षा झोपेची आहे.

ती मोजायची कशी? मल्टिमीटरची मोठी पट्टी लावणे म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गुंजभर सोने ठेवणे. बरे, नाजूक पट्टी लावावी, तर तिच्यात मीटरच्या पोटातला रोध मोठा असतो. यंत्र जागे होऊन जास्त वीज मागू लागले, की त्या रोधावरच दाब खर्च होतो. यंत्र उपाशी राहते आणि बंद पडते.

यावर साधी युक्ती आहे. प्रथम मिलिॲम्पिअरच्या पट्टीवर पाहून घ्यावे. झोपेतही तिथे दोन-चारचा आकडा दिसला, तर चोर मोठा आहे. आधी तो शोधावा. आकडा शून्यापाशी आला, की मीटर काढून सेल आणि यंत्र यांच्यामधल्या तारेत १,००० ओहमचा रोध घालावा आणि त्याच्या दोन टोकांना एक बटण जोडावे. बटण चालू असताना वीज बटणातून जाते, यंत्राला काही अडत नाही. ते झोपले, की बटण बंद करावे. आकडा स्थिर झाला, की रोधाच्या दोन टोकांमधला दाब मिलिव्होल्टमध्ये वाचावा. ओहमच्या नियमाने जितके मिलिव्होल्ट, तितके मायक्रोॲम्पिअर. मात्र यंत्र जागे होण्याआधी बटण पुन्हा चालू करायला विसरू नये.

आकडा जास्त आला, तर चोर कुठे बसतात? एक, रात्रंदिवस जळणारा खुणेचा दिवा. तो काढून टाकावा. दोन, दाब स्थिर राखणारी चिप; काही जातींच्या चिपा काम नसतानाही चार-पाच मिलिॲम्पिअर खातात. तीन, ओल मोजणारा भाग. त्याला जागेपणीच वीज द्यावी. चार, मायक्रोकंट्रोलरचे मोकळे सोडलेले पाय. ते अधांतरी न ठेवता आज्ञावलीत बांधून टाकावेत.

शिक्षकमित्रांनो, फळ्यावरचा ओहमचा नियम शेतात कशाला लागतो, असे मुले विचारतात. हा प्रयोग त्यांच्या हातून करून घ्या. साहित्य थोडे, सेल कमी दाबाचे, विजेच्या धक्क्याची भीती नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, असे यंत्र घेताना किमतीबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : हे झोपेत किती वीज खाते? उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर शाळेतल्या गुरुजींकडून यंत्र मोजून घ्या आणि मगच ते उसात रोवा.