डोळ्यांनी सावरलेला तोल

वर्तमानपत्र हाती घेऊन एक लहानसा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. कागद डाव्याउजव्या बाजूंस झपाट्याने हलविला, तर त्यावरील बारीक अक्षर वाचता येत नाही. मग कागद स्थिर धरावा आणि ‘नाही, नाही’ म्हणावे तशी मान त्याच गतीने हलवावी. नवल असे की, आता तोच मजकूर सुखाने वाचता येतो. (मानेचे दुखणे असणाऱ्यांनी हा प्रयोग शेजाऱ्याकडून करवून घ्यावा हे बरे.)

हा भेद कानामुळे पडतो. प्रत्येक कानाच्या आत, श्रवणेंद्रियाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळताच त्यांतील द्रव मागे रेंगाळतो, तेथील सूक्ष्म केसांना ओढ बसते आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांना आज्ञा मिळते. मान उजवीकडे गेली की तितकेच डोळे डावीकडे सरकतात आणि जग जागच्या जागी राहते. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी कानात ऊन वा गार पाणी सोडले असता डोळे कसे झोके घेऊ लागतात, याचा बारकाईने अभ्यास केला. 1914 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ही वार्ता त्यांच्या कानी पडली ती रशियात युद्धकैदी असताना!

हे यंत्र बंद पडले तर काय होते, याचे वर्णन 1952 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखक स्वतः डॉक्टर होता आणि त्याने लेखाखाली केवळ आद्याक्षरे घातली होती. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचाराने त्याच्या दोन्ही अंतःकर्णांतील तोल राखण्याची शक्ती नष्ट झाली होती. अंथरुणावर पडून वाचू लागावे, तर नाडीच्या ठोक्याबरोबर अक्षरे उडत. पलंगाच्या उशाकडील लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट रोवून धरावे, तेव्हा कोठे ओळ थोडी स्थिर होई. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्यांचे चेहरे पुसट होत. ते ओळखण्यासाठी त्याला थांबावे लागे. तेच औषध आपल्याकडेही क्षयरोग्यांना वर्षानुवर्षे टोचीत असत. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते तयारही होई. त्याने असंख्य जीव वाचविले, यात शंका नाही. पण काहींना त्याची किंमत अशी मोजावी लागली.

पाय भुईवर ठरतात ते तिघांच्या साहाय्याने: अंतःकर्ण, डोळे आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव. यांपैकी कान दुबळा झाला की भार डोळ्यांवर पडतो. असा मनुष्य दिवसा अंगणात व्यवस्थित हिंडतो आणि रात्री दिवे गेले की भिंत चाचपतो. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तो पुढे झुकतो. शिवाय डोळे हा काही सर्वस्वी विश्वासू साक्षीदार नव्हे. शेजारच्या रुळावरील गाडी सुटली की आपलीच गाडी चालू लागल्याचा भास कोणास होत नाही? ज्याचा सारा तोल डोळ्यांवर उभा आहे, त्याला आठवड्याच्या बाजारातील सरकती गर्दीही असाच चकवा देते. घरची माणसे मात्र ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दूध-तूप वाढवितात आणि बाहेरची त्याच्या चालीवरून नको तो तर्क करतात. हा दुसरा घाव पहिल्याहून अधिक लागतो. पुष्कळ माणसे घराबाहेर पडणे सोडून देतात ती यामुळेच.

आणि नेमके तेच करू नये. मेंदू नव्याने शिकतो, परंतु हालचालीवाचून शिकत नाही. भिंतीवरील एका अक्षरावर दृष्टी खिळवून मान सावकाश हलविणे, पुढे गती वाढविणे, असे व्यायाम जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली नित्य करावे लागतात. प्रारंभी घेरी थोडी वाढते. तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो. चक्करेची गोळी दोन-चार दिवसांचा उमाळा शमविण्यास ठीक. ती महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूचे हे शिकणेच मंदावते. भोवळीसोबत एकाएकी एकाची दोन दिसू लागली, बोबडी वळली किंवा हातपाय लुळा पडला, तर मात्र रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

चष्म्याकडेही लक्ष हवे. नव्या भिंगातून जग लहानमोठे दिसते आणि डोळ्यांना किती सरकावे याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्यास काही दिवस लागतात. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरीची कड धूसर होते. अशा व्यक्तीने चालण्यासाठी केवळ दूरचा चष्मा वेगळा ठेवावा. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढावा, मोरीच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. आणि रस्त्यात असा परिचित नमस्कार न करता पुढे गेला, तर त्याला नावाने हाक मारावी. आवाज ऐकून तो थांबेल, आणि थांबला की त्याला चेहरा दिसेल.