फळा, खडू आणि दोघांची बेरीज
(गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय संगणकाचा आहे, पण गोष्ट वर्गणीची.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत वर्गणीची एकूण रक्कम फळ्यावर लिहीत. एका संध्याकाळी फळ्यावर ५,००० होते. दोन कार्यकर्ते आले, दोघांनीही ५,००० वाचले. एकाने आपले ५०१ मिळवून ५,५०१ लिहिले. दुसऱ्याने ते पुसून, आपले २५१ मिळवून, ५,२५१ लिहिले. पेटीत मात्र ५,७५२ निघाले! हे वरचे ५०१ कुठले, यावरून कुजबुज सुरू झाली. पावतीपुस्तके ताडल्यावर उलगडा झाला. पण तोवर खजिनदारकाकांनी राजीनामा दिला होता. संगणकशास्त्रात या घोळाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

आधी दोन शब्द वेगळे करू. महाप्रसादाला एकच आचारी तीन चुली आळीपाळीने सांभाळतो, ती ‘कन्करन्सी’. चौघी जणी एकाच वेळी मोदक वळतात, ते ‘पॅरलेलिझम’. पहिल्यात अनेक कामांची सांगड, दुसऱ्यात वेग. साधारण २००५ पासून एकाच चिपवर अनेक कोअर येऊ लागले आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला.

सी, जावा या भाषांना ‘अशुद्ध’ म्हणतात. ही शिवी नव्हे; तिथे सामायिक फळा पुसून लिहिता येतो, एवढाच अर्थ. त्यावर उपाय कुलपाचा: खडू ज्याच्या हाती, त्यानेच लिहायचे. पण एकाकडे खडू, दुसऱ्याकडे डस्टर, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत राहिले, तर काम ठप्प. कुलूप राहून गेले तर त्याहून वाईट. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली, काही दगावले. त्यामागच्या कारणांत असा घोळही होता.

‘शुद्ध’ भाषेत फळा पुसायचाच नाही. १९९० साली आलेली हॅस्केल अशी भाषा. नाव तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे. प्रत्येकाने आपल्याच पावत्यांची बेरीज करायची, शेवटी बेरजा एकत्र करायच्या. कोण आधी आला, याने उत्तर बदलत नाही. म्हणून काम निर्धास्तपणे वाटून देता येते. अर्थात वाटणीलाही वेळ लागतो. वेग आपोआप येत नाही.

पण बँकेतली शिल्लक तर सामायिकच असणार! त्यासाठी २००५ मध्ये हॅस्केलमध्ये एक सोय आली. व्यवहार पूर्ण तरी होतो, नाहीतर झालाच नाही असे धरले जाते. मध्ये कुणी आकडा बदलला, तर तो पुन्हा पहिल्यापासून करायचा. पुन्हा करता यावा म्हणून त्यात छपाईसारखे परत न फिरणारे काम भाषा घालूच देत नाही. शुद्धतेचा खरा उपयोग इथे दिसतो.

मित्रहो, ते काका पुन्हा मांडवात आले नाहीत. हिशेबात तफावत दिसली, तर आधी पद्धत तपासावी, माणूस नंतर. एवढे सांगून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!