पाच नोव्हेंबरचा बाहुला



बी. ए.ला माझा विषय इतिहास होता. इंग्लंडच्या सनावळ्या आम्ही पाढ्यांसारख्या घोकायचो. परीक्षा झाली आणि बहुतेक विसरूनही गेलो. एक तारीख मात्र मनातून गेली नाही : ५ नोव्हेंबर १६०५.

त्या दिवशी राजा पहिला जेम्स पार्लमेंटचं उद्घाटन करणार होता. आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खाली गाय फॉक्स पकडला गेला. सोबत बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं होती. राजासकट सगळ्यांना उडवून द्यायचा बेत होता. म्होरक्या होता रॉबर्ट केट्सबी. कटवाले मोजून तेरा, सगळे कॅथलिक. गुन्हा भयंकर होता, यात शंकाच नाही.

पण शिक्षा त्या तेराजणांवर थांबली नाही. कॅथलिकांवर आधीही बंधनं होती, ती १६०६ साली आणखी आवळली गेली. सरकारमान्य चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकांना वकिली बंद, वैद्यकी बंद. वर राजनिष्ठेची शपथ. दरवर्षी ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये आभाराची प्रार्थना करायची, असाही कायदा झाला. रात्री शेकोट्या पेटू लागल्या. पुढे त्यांत बाहुले जळू लागले, आधी पोपचे, मग फॉक्सचे. गल्लीतल्या साध्या कॅथलिक माणसाने त्या रात्री खिडकी उघडी ठेवली असेल का?

आता दुसरी तारीख ऐका. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लॉर्ड माँटीगल यांना एक निनावी पत्र आलं : पार्लमेंटला जाऊ नका. माँटीगल यांची सासुरवाडी कॅथलिक, सख्खा मेव्हणा कटात. तरी त्यांनी ते पत्र दडवलं नाही, त्याच रात्री सरकारदरबारी पोचवलं. कट फसला तो त्यामुळे. पण २६ ऑक्टोबरला कुणी दिवा लावत नाही.

७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये चौघांनी स्फोट घडवले. ५२ निरपराध माणसं गेली. मारणारे मुसलमान होते, मेलेल्यांतही मुसलमान होते. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा बायकोने मला विचारलं, ‘‘नावं कळली का?’’ किती माणसं गेली, हे तिने नंतर विचारलं. मीही मनात तेच क्रमाने विचारलं होतं. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. लाज वाटत होती.

प्रार्थनेचा तो कायदा १८५९ साली रद्द झाला. शेकोट्या अजून पेटतात. आता तो बराचसा मुलांच्या फटाक्यांचा सण आहे. फॉक्स यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता. त्या शाळेत मात्र त्याचा बाहुला जाळत नाहीत. आपला जुना विद्यार्थी, त्याला कसं जाळायचं?

तारखा विसरू नयेत, मंडळी. फक्त गुन्हा लिहायचा तो माणसाच्या नावावर लिहावा, त्याच्या जमातीच्या नावावर नको. आणि पत्र पोचवणाऱ्याचीही कुठेतरी नोंद ठेवावी.