न्यायालयाची पायरी आणि शाळेतील मुले



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण व्यापारी पेढीवर पिढ्यानुपिढ्या ऐकू येते. खर्च, तारखा आणि मनस्ताप पाहता तिच्यात व्यवहारज्ञान निश्चितच आहे. परंतु तीच म्हण सतत कानी पडलेल्या मुलाच्या मनात न्यायालयाची भीती घर करते आणि अन्याय झाला तरी ते मूल मूक राहते.

ही भीती दूर करावयाची तर न्यायाधीशांनीच शाळेत यावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा दि. ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. कायदेविषयक साक्षरतेचा प्रसार हे त्यातील एक कार्य होय. तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्षपद तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. वसईच्या न्यायाधीशांनी नालासोपारा वा विरारच्या वर्गात उभे राहणे कायद्यालाच अभिप्रेत आहे.

तेथे कलमांची जंत्री नको. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे ऐकताच वर्ग सावध होतो. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पीडित बालकाचा जबाब त्याच्या घरीही नोंदविता येतो, त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसतात आणि साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू नये, याची दक्षता न्यायालय घेते. स्त्रिया व बालके यांना मोफत कायदेशीर साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक तर प्रत्येक मुलास पाठ असावा.

नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल राघोबादादांना दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे मुलांना गोष्टीतून ठाऊक असतात. प्रत्यक्ष न्यायाधीशांकडून आणखी एक धडा मिळतो. चालू खटल्याविषयी विचारले, तर ते मत देत नाहीत. दोन्ही बाजू ऐकून पुरावा पाहिल्याविना निर्णय नाही, हे मुलांना तेथेच उमगते.

शैक्षणिक कार्य करणाऱ्या संस्थांनी समितीकडे लेखी विनंती करावी. भेटीपूर्वी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवाव्यात. घरी सांगता न आलेली व्यथा कदाचित अशाच एखाद्या चिठ्ठीतून प्रकट होईल.

पायरी उगाच चढू नये, हे खरेच. मात्र ती कोठे आहे आणि तेथे आपले कोणी ऐकून घेते, एवढे प्रत्येक मुलास ठाऊक असावे.

जय जिनेंद्र!