ढगातली वाट : उपकरणांवर विमान चालविण्याचे नियम

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैमानिक नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने शिक्षक आहे. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला. "ढगात शिरल्यावर पायलटला काही दिसत नाही, मग तो विमान चालवतो कसे?" असा प्रश्न वर्गातील मुले नेहमी विचारतात. पालक मात्र वेगळेच विचारतात, "सर, आमच्या पोराला पायलट करायचे तर किती पैसे लागतात?" मला वाटते, मुलांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर समजले की पालकांच्या प्रश्नाचेही उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

विमान चालविण्याच्या नियमांचे दोन संच आहेत. पहिला संच नजरेने करावयाच्या उड्डाणाचा. त्याला व्हीएफआर म्हणतात. आकाश स्वच्छ असावे, समोर निदान ५ किलोमीटर दिसावे, ढग आडव्या अंतरात दीड किलोमीटर आणि उभ्या अंतरात ३०० मीटर दूर असावेत, अशा या संचातील सर्वसाधारण अटी आहेत. दुसरा संच उपकरणांवर करावयाच्या उड्डाणाचा. त्याला आयएफआर म्हणतात. ढग, धुके, मुसळधार पाऊस, काळोखी रात्र यांत बाहेरचे काही दिसत नाही. तेथे वैमानिकाला डोळ्यांसमोरच्या तबकड्या पाहूनच विमान न्यावे लागते. मोठी प्रवासी विमाने हवा स्वच्छ असली तरी बहुधा याच दुसऱ्या संचाखाली उडतात. आपल्या जिल्ह्यावरून रात्री लुकलुकत जाणारी विमानेही अशीच आखून दिलेल्या मार्गाने आणि नेमून दिलेल्या उंचीवरून जात असतात.

आता कुणी म्हणेल, दिसत नसले म्हणून काय झाले? विमान सरळ आहे की कलले आहे, हे बसलेल्या माणसाला कळणारच! मित्रहो, नेमके तेच कळत नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. शरीर वळले की तो द्रव हलतो व मेंदूला खबर पोचते. परंतु एकाच गतीने बराच वेळ वळत राहिले तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि खबर बंद पडते. फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसावे आणि मित्राला एकसारखी खुर्ची फिरवायला सांगावी. थोड्या वेळाने आपण थांबलोच आहोत असे वाटते. मग मित्राने खुर्ची खरोखर थांबवली की आपण उलट्या दिशेने फिरू लागलो असा भास होतो. ढगातील वैमानिकाची हीच गत होते. विमान कललेले असताना शरीर सांगते, "सरळ आहे." आणि विमान सरळ केले की शरीर ओरडते, "कलले!"

याचा प्रयोगही झालेला आहे. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांचे शिक्षण न झालेल्या २० वैमानिकांना कृत्रिमरीत्या ढगासारख्या परिस्थितीत विमान चालवायला लावले. विमान ताब्याबाहेर जाण्यास सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नाहीत. हे सारे वैमानिकच होते. पण या एका विद्येचे शिक्षण त्यांना नव्हते.

ही विद्या फार जुनी नाही. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने आपली बैठक पूर्ण झाकून घेतली आणि केवळ उपकरणांवर उड्डाण करून विमान परत उतरवून दाखविले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत आपल्या विदर्भातही रात्रीची उड्डाणे नित्याची झाली. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या वाटेला लागत.

वैमानिकापुढे मुख्य उपकरणे सहा असतात : वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळण दाखविणारे यंत्र, दिशादर्शक आणि चढ-उताराची गती दाखविणारे यंत्र. आधुनिक विमानात हे सारे पडद्यावर दिसते, पण गोष्टी त्याच. नियम असा की एकाच तबकडीकडे टक लावून बसायचे नाही. नजर सतत फिरती ठेवायची आणि एका यंत्राची साक्ष दुसऱ्या यंत्राच्या साक्षीशी ताडून पाहायची.

हा नियम मोडला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' नावाचे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले. खाली काळोखा समुद्र होता. विमानाने उजवे वळण घेतले व ते सरळ झाले, पण कॅप्टनसमोरचे विमानाचा कल दाखविणारे यंत्र बिघडले आणि विमान उजवीकडेच कललेले आहे असे दाखवीत राहिले. कॅप्टनने त्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले आणि ते अधिकाधिक कलतच गेले. त्या यंत्रावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनियरने सुचविलेही, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. बिघाड एका यंत्राचा होता, परंतु इतर यंत्रांची साक्ष घेऊन विमान सावरले गेले नाही, असे चौकशीत ठरले.

दुसरा नियम उंचीचा. आंतरराष्ट्रीय नियम असा की उपकरणांवर उडताना विमानाच्या अंदाजित जागेपासून ८ किलोमीटरच्या परिघात जो सर्वांत उंच अडथळा असेल, त्याच्याही वर निदान ३०० मीटर, आणि डोंगराळ मुलुखात ६०० मीटर अंतर राखावे. "अंदाजित जागा" हे शब्द लक्षात ठेवा. आपला अंदाज चुकू शकतो, हे नियम करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले आहे.

जुलै १९६२ मध्ये अलिटालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. मध्यरात्रीची वेळ, पावसाळ्याचे दिवस. आपण मुंबईच्या जवळ आलो अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने विमान खाली आणण्यास सुरुवात केली. प्रत्यक्षात मुंबई ८० किलोमीटरहून दूर होती आणि पुढे जुन्नरचे डोंगर उभे होते. सुमारे ३६०० फूट उंचीवर विमान डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपली जागा ओळखण्यात चूक झाली, उपलब्ध साधनांचा उपयोग करून ती पडताळली नाही आणि किमान सुरक्षित उंची पाळली नाही, अशी कारणे चौकशीत पुढे आली. अंदाज चुकणे मानवी आहे. पण उंचीचा नियम पाळला असता तर चुकलेल्या अंदाजाने कुणाचा जीव गेला नसता.

तिसरा नियम उतरण्याचा. मोठ्या विमानतळावर आयएलएस नावाची यंत्रणा असते. तिचे दोन रेडिओ-संदेश वैमानिकाला धावपट्टीची मधली रेषा आणि खाली येण्याचा उतार दाखवितात. हा उतार साधारणपणे ३ अंशांचा असतो. दहावीच्या मुलांनी त्रिकोणमिती आठवावी. ३ अंशांचा टॅन्जंट सुमारे ०.०५२४ आहे. म्हणजे धावपट्टीपासून १० किलोमीटरवर विमान साधारण ५२४ मीटर उंच असले पाहिजे. "हे गणित पुढे कुठे उपयोगी पडते?" असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

उंचीमापकाचेही असेच. तो खरे तर हवेचा दाब मोजतो आणि तो दाब उंचीच्या रूपात दाखवितो. म्हणून नियंत्रण मनोऱ्याकडून त्या वेळचा दाब विचारून यंत्र जुळवून घ्यावे लागते. त्यात १० हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंचीत जवळजवळ ३०० फुटांचा फरक पडतो. आणि साध्या श्रेणीच्या आयएलएसवर निर्णयाची उंची असते २०० फूट! म्हणजे एवढ्या एका चुकीने वैमानिक निर्णय घेण्याआधीच जमिनीला टेकेल.

ही निर्णयाची उंची म्हणजे काय? त्या उंचीवर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले पाहिजेत. दिसले तर उतरायचे. दिसले नाहीत तर "अजून थोडे खाली जाऊन पाहू" असे म्हणायचे नाही. ताबडतोब विमान वर न्यायचे. यात कमीपणा नाही. उलट, वर नेऊन पुन्हा प्रयत्न करणे किंवा दुसऱ्या विमानतळावर जाणे हेच शहाणपण. त्यासाठी पर्यायी विमानतळ निघण्यापूर्वीच कागदावर ठरलेला असतो आणि तिथवर जाऊन वर राखीव अर्धा तास पुरेल एवढे इंधन जेट विमानात ठेवावे लागते.

नजरेवर विसंबल्याची एक निराळी गोष्ट मुंबईतच घडली. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे विमान सांताक्रूझऐवजी जवळच्याच जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले आणि पट्टी संपल्यावर पुढे घसरत गेले. सुदैवाने कुणी दगावले नाही. धावपट्टी डोळ्यांनी दिसली होती, पण ती भलतीच होती. म्हणून डोळ्यांनी पाहिलेलेही यंत्राशी ताडून घ्यावे लागते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असणे ही आजवरची अट आहे. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते, तीत रंग ओळखण्याची दृष्टीही पाहतात. चष्मा असला म्हणजे दार बंद झाले असे नाही. हवाई मार्गशास्त्र, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र यांच्या लेखी परीक्षा असतात आणि त्यांत ७० टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष उड्डाणाचे २०० तास भरावे लागतात. त्याशिवाय उपकरणांवर उडण्याची पात्रता वेगळी मिळवावी लागते. तिचे आंतरराष्ट्रीय मान असे की स्वतः जबाबदार वैमानिक म्हणून लांब पल्ल्याचे ५० तास आणि उपकरणांवरील ४० तास झालेले असावेत. या ४० पैकी काही तास जमिनीवरच्या सिम्युलेटरवर चालतात. आणि ही पात्रता एकदा मिळाली म्हणजे जन्मभर पुरली असे होत नाही. ठराविक मुदतीने पुन्हा परीक्षा देऊन ती टिकवावी लागते.

खर्च मोठा आहे, तो लाखांच्या घरात जातो. म्हणून मी हात जोडून सांगतो, शेत गहाण ठेवण्यापूर्वी चार गोष्टी करा. पहिली, मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. ती नापास झाली तर भरलेली फी वाया जाते. दुसरी, प्रशिक्षण देणारी संस्था नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका. तिसरी, शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जाची चौकशी आधी करा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मुलाचे गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी आठवीपासून पक्के करा. याला लाखो रुपये लागत नाहीत. विदर्भात नागपूरला फ्लाइंग क्लबची जुनी परंपरा आहे आणि गोंदियाजवळ बिरसी येथेही वैमानिकांचे शिक्षण होते. तेव्हा वाट घरापासून फार लांब नाही. आणि ती मुलांइतकीच मुलींसाठीही खुली आहे, हे अम्मी-अब्बांनी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी वैमानिक फार थोडे होतील. कुणी डॉक्टर होईल, कुणी कापसाचा व्यापार करील, कुणी माझ्यासारखा खडू हातात धरील. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यात ढग येतात. "मला अभ्यास येतो" असे मनाला वाटणे आणि पेपर सोडवून पाहिल्यावर येणारे गुण, यांत फरक असतो. मनाला वाटणे म्हणजे कानातला तो द्रव होय, आणि गुणपत्रिका म्हणजे उंचीमापक. चाचणीत गुण कमी पडले तर चाचणीवर रागावू नका. ती तुम्हाला डोंगर पुढे आहे हे वेळेवर सांगत असते. तशीच केवळ एका परीक्षेच्या गुणांवरून मुलाची किंमत करू नका, ही विनंती पालकांना. दुसऱ्या चार तबकड्याही पाहा. त्याचे वाचन, त्याची मेहनत, त्याचे मित्र आणि त्याची तब्येत यांचीही साक्ष घ्या.