खोक्यातले जहाज

१८६९ साली स्कॉटलंडात ‘कटी सार्क’ नावाचे शिडाचे जहाज पाण्यात उतरले. चीनहून चहा आणणारे हे जहाज आज लंडनमध्ये ग्रीनिच येथे जपून ठेवले आहे. त्याच्या लाकडी प्रतिकृतीचा संच मिळतो. तो मी आणला. खोके उघडले, तर आत जहाज नाहीच! पातळ पट्ट्या, प्लायवुडचे तुकडे, दोरा आणि नकाशा.

प्रथम कण्याच्या फळीवर खाचांत आडव्या फासळ्या बसवायच्या. खऱ्या जहाजात त्या लोखंडाच्या आहेत. गुण्या लावून पाहावे, नुसत्या डोळ्यावर विसंबू नये. मग फासळ्यांच्या कडा कानशीने उतरत्या करायच्या, म्हणजे पट्टी नीट टेकते. पट्ट्या भिजवून, ऊब देऊन वाकवायच्या.

पण मला घाई! डावी बाजू एका सुटीत भरून काढली, उजवी उघडीच. सकाळी बघतो तो कणा केळ्यासारखा वाकलेला. वाकवलेली पट्टी ताणलेली असते. समोरून तोलणारी दुसरी नसली की ती कण्याला ओढते. म्हणून डावीकडे एक, लगेच उजवीकडे एक, असेच चढवायचे. “बाबा, हे इथं लिहिलंय की,” चिरंजीवांनी माहितीपत्रक पुढे केले. वर्गात चाळीस मिनिटे बोलणारा मी गप्प बसलो.

शिक्षकबंधूंनो, शाळेत संचच हवा असे नाही. पुठ्ठ्याच्या फासळ्या आणि बांबूच्या कांबी चालतील. ओढ तीच असते.

आम्ही पट्ट्या सोडवल्या, कणा नवा कापला. डोलकाठ्या, मेण लावलेले दोर, सारे पुढेच आहे. सध्या दोन्ही बाजूंना सात-सात पट्ट्या चढल्या आहेत.